हिरामनच्या वाट्याचे सुके बोंबील

हिरामन नेरूळच्या गावठानातला. बापाचं मिठागर होतं, तिथं आता टॉवर हायेत. जमिनीच्या पैशात त्यानं चार मजली घर बांधलं, वरचे मजले भाड्यानं दिले नि खाली आपन राहिला. बायको यशोदाबाई वारली, मुलगा विपुल ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये गेला. डोक्यावर एवढी मानसं राहतात, पन जिन्यात भेटली की "काका, पानी आलं नाय," एवढंच बोलतात. दिवसभर घरात आवाज तो टीव्हीचा.

थंडीत त्याच्या पोटात दुखायला लागलं. लिव्हरचा कॅन्सर निघाला. कापून काढता येत नाय म्हनाले. मग डॉक्टरनी जांघेतल्या शिरेतनं बारीक नळी घालून औषध थेट गाठीवर सोडलं नि गाठीला रक्त नेनारी वाट बुजवून टाकली. चार दिवस ताप, ओकाऱ्या, मग घरी.

किती दिवस उरले, ते कोन सांगेना. विपुलला विचारलं की, "सगळा ओके हाय बाबा, टेन्शन नको घेऊ." पन गाव बदललं. शेजारचा शिवराम वीस वरसं एका भिंतीवरून भांडत होता, रोज सकाळी दात घासता घासता शिव्या. तो एक दिवस हळूच बोलला, "ऱ्हाऊ दे दादा, भिंत तुझीच." हिरामनला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

मग मे महिन्यात काशी आली. काशी उरनची, सुकी मासळी विकनारी. पावसाळ्याची बेगमी म्हनून दरसाल हिरामनच्या ओटीवर टोपली उतरवायची नि न विचारता त्याच्या वाट्याचे बोंबील काढून ठेवायची, यशोदाबाई होती तेव्हापासून. यंदा ती खाली मान घालून पुढं गेली. हिरामन ओटीवर बसलेलाच होता. हाक मारायची पन त्याला हिंमत झाली नाय.

पुढच्या तपासनीला त्यानं विपुलला गोळ्या आनायला धाडलं नि डॉक्टरीनबाईंना सरळ विचारलं, "मॅडम, मी सुके बोंबील भरू का नको?"

बाईंना आधी कळलंच नाय. मग त्यानं समजावलं, पावसात दर्या बंद, तेव्हा हेच खायचं. बाईंनी रिपोर्ट पुन्हा बघितले. रक्तात कावीळ किती, गाठी किती नि केवढ्या, लिव्हरमध्ये जोर किती उरला, यावरनं अंदाज काढतात म्हनाल्या.

"काका, तुमच्यासारखी एकच गाठ आणि लिव्हर एवढं चांगलं असलेले बहुतेक जण हा पावसाळा बघतात. पुढचाही बरेच बघतात. पण तुम्ही त्यातले की नाही, ते मला सांगता येत नाही. महिन्याने स्कॅन करू, मग थोडं जास्त कळेल."

"मंजे भरू."

"भरा. पण खारं बेताने. भिजवून, धुऊन, थोडंच."

मिठात जन्म गेलेल्या मानसाला मीठ बेतानं. हिरामन हसला, किती महिन्यांनी.

पाऊस लागायच्या आधीच्या शेवटच्या खेपेला काशी दिसली तसा तो ओटीवरनं उठून वाटेतच उभा ऱ्हायला. "काशे, माझा वाटा कुठं हाय?"

काशीनं टोपली उतरवली. तिचे डोळे भरले. "दादा, लोक काय काय बोलत होते. तुमच्या म्होरं टोपली उतरवायला हात होईना."

"लोकांना काय म्हाईत? डॉक्टरीनबाईला पन नक्की म्हाईत नाय."

मग ती दुपारभर बसली, बोंबलांची डोकी मोडत, यशोदाबाईच्या गोष्टी काढत. डबा पुरा भरला. ऊन उतरलं तशी बसची येळ झाली म्हनून ती उठली, वळनावर दिसेनाशी झाली.

यशोदाबाई तो डबा माळ्यावर ठेवायची. हिरामननं तो हात पोचेल असा, चुलीशेजारी खालीच ठेवला. शिडी धरायला घरात दुसरं कोन नव्हतं.