बिनआवाजाचं मशीन

आमच्या अप्पांचा औंढ्यात मंडप-लायटिंगचा धंदा. गावोगावच्या लग्नांना त्यांचा डिझेलचा जनरेटर जातो. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत फ्युएल सेलवर संशोधन करते. सेलला हायड्रोजन द्यायचा, हवेतला ऑक्सिजन तो आपला आपण घेतो, आणि वीज तयार होते. धूर नाही, धडधड नाही, मागे उरतं ते नुसतं पाणी. एका दिवाळीत हौसेनं हे सगळं मी अप्पांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं.

त्यांचा जनरेटर पार म्हातारा झाला होता. चालू करायला दोन माणसं लागायची, बंद पडायला कुणीच लागायचं नाही. आई नवीन घ्या म्हणून मागे लागली, की अप्पांचं ठरलेलं उत्तर: लेक मशीन काढून राहिली, आता डिझेलमध्ये कशाला पैसा घालायचा. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आले तेव्हा आईनं हे सांगितलं आणि मला घामच फुटला.

त्याच आठवड्यात पुसेगावच्या एका लग्नाला मीही अप्पांबरोबर गेले, आणि तिथं ऐन मंगलाष्टकांत जनरेटर बसला. माइक गेला. भटजी घसा ताणत होते, पण मागच्यांना काय कप्पाळ ऐकू येणार? पुढच्यांनी अक्षता टाकल्या. मागचे मुठी आवळून वाट बघत राहिले आणि शेवटी अक्षता खिशात घालून पंगतीला पळाले. नवरीचे वडील अप्पांवर धावून आले. अप्पा त्यांना शांतपणे म्हणाले, पुढच्या वेळी बिनआवाजाचं मशीन आणतो. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, माझ्या पोरीचं लग्न किती वेळा लावायचा विचार आहे तुमचा? त्यांच्या भावकीतली पुढची लग्नं दुसऱ्याकडे गेली.

मला हसू आलं खरं, पण परतताना टेम्पोत बसल्यावर ते टिकलं नाही. आमचा सेल प्रयोगशाळेत चालतो, दिवे लावतो, पंखे फिरवतो. पण आतला पडदा लवकर खराब होतो, त्यात लागणारं प्लॅटिनम परवडत नाही, आणि आमच्या तालुक्यात हायड्रोजन आणायचा कुठून, ते कुणालाच ठाऊक नाही. मी विद्यार्थिनी होते तेव्हा आमचे सर म्हणायचे, दहा वर्षांत येईल. आता चर्चासत्रांत मीही म्हणते, दहा वर्षांत येईल. तिथं टाळ्या पडतात. इथं माझ्या बापाची गिऱ्हाइकं तुटत होती.

घरी आल्यावर अप्पा हातांचं ऑइल पुसत होते. मी सांगून टाकलं.

“अप्पा, डिझेलचाच नवीन घ्या. तुमी धंदा करता तोवर माझं मशीन येणार न्हाई.”

“मंग तू काहून करून राहिली?”

“कुणी केल्याशिवाय येईल कसं?”

बराबर हाय, म्हणाले, आणि जेवायला बसले. एवढ्या सहज मान्य केलं त्यांनी, की मला जरा वाईटच वाटलं.

पुढच्या महिन्यात आईचा फोन आला, घेतला बाई एकदाचा. मला हायसं वाटलं. अप्पांना विचारलं, कोणता घेतला? तर नांदेडहून आणलेला, कुठल्याशा दवाखान्यानं काढून टाकलेला जुना! माझं डोकंच फिरलं. नवीन घ्यायची ऐपत असताना हे भंगार कशाला उचललं, म्हणून मी फोनवर चांगलीच तणतणले. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“नवा घेतला की पंधरा-वीस वर्षं हलत न्हाई,” ते म्हणाले. “मधीच तुहं आलं, तर ठेवायचं कुठं?”