उस्तादांची गिरकी

चौकातल्या बँकेच्या भिंतीला टेकून जोडे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना सगळे उस्ताद म्हणत. हा मान आपल्या हातांचा, असं त्यांचं मत. लोकांना विचाराल, तर निम्मा मान पायांचा होता. कारण जोडा शिवून झाला की तसाच गिऱ्हाइकाला द्यायची त्यांची पद्धत नव्हती. आधी ते तो स्वतः घालून बघायचे. दोनदा टाच, एकदा चवडा, एका पायावर गर्रकन गिरकी आणि शेवटी धाडकन आपट. सोल उखडायचा असेल तर गिरकीतच उखडतो, हे त्यांचं चाळीस वर्षांचं ज्ञान. पाय मुळातच बारके, त्यामुळे कुणाचाही जोडा चढे. एकदा तर लाल टाचांच्या सँडलमध्येही त्यांनी गिरकी घेतली होती, आणि तीही न्यायाधीशासारखा चेहरा ठेवून.

पण हल्ली जोडे शिवतो कोण? फाटले की फेकले. दिवसभरात एखादी बॅग, एखादा पट्टा, संपलं. मुलाने आपल्या ऑफिसात त्यांच्यासाठी राखणदाराची जागा बघून ठेवली होती. पंखा आहे, नुसतं बसायचं काम आहे, म्हणाला. दोन आठवड्यांनी, सोमवारी, हो की नाही ते सांगायचं होतं. बसण्याचं उस्तादांना काही नव्हतं, सगळा जन्म बसूनच गेला होता. रिकाम्या हातांनी बसायची मात्र त्यांना भीती वाटत होती.

त्यातच समोरच्या केस कापणाऱ्या बाईने त्यांची गिरकी मोबाइलवर टिपली, तिला दणदणीत ठेका जोडला आणि दिली सोडून. आठवड्याभरात जगाला गिरकीचं वेड लागलं. नर्स नाचल्या, वैमानिक नाचले, एका लग्नात तर व्याही आणि विहीणबाईही नाचल्या. बँकेपुढे ही गर्दी. उस्ताद हुरळले, कोण नाही हुरळणार? नवा शर्ट घालून येऊ लागले. पण चार दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं, की माणसं मोबाइल घेऊन येतात, जोडा कुणीच आणत नाही. काका, एकदा करून दाखवा ना, एवढंच. शिवलेला जोडा पायात नसताना कसली गिरकी? त्यांनी साफ नकार दिला, आणि रविवारी बायकोला सांगितलं, की मी उद्या हो म्हणणार. तिने नवा शर्ट धुऊन वाळत घातला.

सोमवारी ते आपली हत्यारं गोळा करायला आले, तर भिंतीशी ही लांब रांग. सगळ्यांत पुढे एक शाळेतल्या बाई, सोल लोंबणारा बूट हातात धरून. मागे दोन नर्स, बेकरीवाला आणि एक लंगडत आलेला पोलीस. झालं होतं असं, की गिरकीने आपलं काम चोख बजावलं होतं. कच्चा सोल उखडून दाखवण्यासाठीच तर ती होती, आणि आता गावातल्या यच्चयावत कच्च्या सोलांचं पितळ उघडं पडलं होतं.

दुपारपर्यंत उस्तादांनी मान वर केली नाही. हातातली आरी थांबत नव्हती आणि तोंडावरचं हसू आवरत नव्हतं. पुढच्या गिऱ्हाइकाचा जोडा घ्यायला त्यांनी हात केला, तर समोर मुलगा. उत्तर न्यायला आला असणार. पण एक बूट त्याच्या पायात होता आणि दुसरा हातात.

"तूसुद्धा?" उस्ताद म्हणाले.

"ऑफिसात सगळे चुकीचं करत होते, बाबा. मी म्हटलं, थांबा, ही आमच्या घरची आहे, मी दाखवतो."

उस्तादांना एकदम भरून आलं. पोराने चारचौघांत आपल्याला आपलं म्हटलं होतं. ते खाली बघून त्याच्या बुटाला टाके घालत राहिले, आणि टाके नेहमीपेक्षा जास्तच घातले.

"मग त्या जागेचं काय सांगू?" मुलाने विचारलं.

"दुसरा कुणीतरी बघा म्हणावं. चल, बघू तरी काय दाखवलंस."

शिवलेला बूट उस्तादांनी स्वतःच्या पायात चढवला. एकाच जोडीतला डावा बापाच्या पायात, उजवा लेकाच्या. दोघांनी मिळून टाच मारली, चवडा टेकला, गिरकी घेतली आणि धाडकन पाय आपटला. मग उस्तादांनी वाकून सोल तपासला. तो जागचा हलला नव्हता.