उतारावर सुटलेला पाय

चंद्रपूरजवळच्या एका उघड्या कोळसा खाणीत मी डंपर चालवते. मला शिकवलं ते आमच्याच पाळीतल्या एका जुन्या ऑपरेटरने. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. शेजारी बसून ते एकच सांगत राहायचे, "रस्ता डोळ्यानं पाह्य. पण गाडी कुठी चालली ते बुडाले पहिले समजते. सीटवर नीट बस."

त्या दुपारी वर माती टाकून मी रिकामी गाडी खाली आणत होते. धूळ बसावी म्हणून टँकरने उतारावर पाणी मारलं होतं, जरा जास्तच. वळणाच्या अलीकडे सीट खालून निसटल्यासारखी वाटली. गाडीचा मागचा भाग दरीकडे सरकत होता. मी ब्रेक दाबून धरला होता, चाकं थांबली होती, तरी गाडी चाललीच होती. समोरून फोरमनची जीप चढत होती. आत बसलेली माणसं मला दिसत होती.

ब्रेक अजून दाबावा, एवढंच डोक्यात होतं. पाय मात्र वर आला. चाकं फिरायला लागली, स्टिअरिंग पुन्हा ऐकू लागलं आणि मी गाडी आतल्या बाजूच्या मातीच्या बांधावर घातली. बांध फोडत, माती उडवत ती थांबली. जीप तिथून हाकेच्या अंतरावर होती.

फोरमन धावत आले. "ब्रेक काऊन सोडला?"

"मले नाई माहीत, साहेब. सुटला."

"असा कसा सुटला?"

त्यांना वाटलं, मी काहीतरी लपवते आहे. तेवढ्यात भाऊ आले. बांधाकडे बघत म्हणाले, "पोरगी खरं सांगून राह्यली. मले विचारलं असतं, तं मलेबी सांगता नसतं आलं."

दुसऱ्या दिवशी तोच उतार कोरडा होता. पण मी आता पायावर लक्ष ठेवून होते. आता दाबायचा, आता सोडायचा, असं मनात म्हणत होते, आणि गाडी नवशिक्यासारखी गचके खात होती. इतकी वर्षं न विचारता होत असलेलं काम विचार करताच बिघडलं. मागे डंपरांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले.

भाऊ वायरलेसवर म्हणाले, "वाजू दे. तू आपली हळू ये."

मी गाडी हळूहळूच खाली आणली. तो उतार पुन्हा अंगात बसायला बरेच दिवस लागले.