शालीवरची पाच बोटं

काल आमच्या गावात चित्रकलेच्या सुलभाबाईंचा सत्कार झाला. त्यांनी खांद्यावरची शाल सावरली आणि तिच्यावर पाच पांढरी बोटं उमटली. ती रांगोळी होती. स्वतःच्याच सत्काराची रांगोळी बाईंनी सकाळी गुडघे टेकून काढली होती, कारण सत्कार समितीचे अध्यक्ष म्हणाले होते, "बाई, तुमच्याशिवाय कोण काढणार?" नदीकाठ झाडायला, मुलांचं नाटक बसवायला गावाने त्यांना कायम याच वाक्याने बोलावलं.

पाहुणे त्या रांगोळीवरून बुटांनिशी आले आणि बाईंच्या त्यागावर पाऊण तास बोलले. बाईंना एकच मागायचं होतं. रविवारच्या चित्रवर्गाची खोली मुलांकडून काढून घेऊन अध्यक्ष ती सभागृहाच्या खुर्च्या ठेवायला देणार होते, ती देऊ नये. त्या उठताच अध्यक्षही खुर्चीतून उठून कुजबुजले, "बाई, भाषण राहू द्या. जेवण गार होतंय."

माणसाला गप्प बसवायची इतकी सभ्य रीत आमच्याखेरीज कुणाला सुचली नसेल.

बाईंनी शाल काढली, घडी केली आणि अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

"शाल या खुर्चीलाच पांघरवा. खोली खुर्च्यांनाच दिलीत ना?"

सगळे जेवायला गेले. खुर्चीवर ती पाच बोटं तशीच होती.