आधी बैठका, मग जोर

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला जमिनीवर बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "आता हात न टेकता उठा." मला उठता आलं नाही. एक हात टेकला, मग दुसरा, मग मांडीवर भार देत कशीबशी उभी राहिले. वय सव्वीस. बाईंनी नडगीचं हाड अंगठ्यानं दाबून पाहिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ऑस्टिओमलेशिया.

म्हणजे हाडं मऊ पडणं. अंगाला ऊन नाही, पोटात दूध नाही आणि वर लागोपाठची बाळंतपणं. मग हाडांतला चुना निघून जातो, असं त्यांनी समजावलं. माझी तीन बाळंतपणं झाली होती आणि त्यांतली एकटी चंदा राहिली होती. ती तेव्हा तीन वर्षांची होती. दिवसभर हात वर करून माझ्यापुढे उभी राहायची आणि मी तिला एकदाही उचलून घेऊ शकत नव्हते. डॉक्टरीणबाईंना मी एवढंच विचारलं, पोरीला कडेवर कधी घेता येईल?

"आत्ताच सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "सध्या भरली घागरसुद्धा उचलायची नाही."

टांग्यातून घरी येईपर्यंत मी रडत होते. हे शेजारी बसून नुसता रुमाल पुढे करत होते.

माझ्यासारख्या बायांसाठी म्हणून हे लिहिते आहे. दोन वर्षं माझी कंबर आणि मांड्या ठणकत होत्या. मी बदकासारखी डुलत चालायचे, आळीतल्या बाया हसायच्या आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचे. मला वाटायचं, मी आळशी झाले. तुमचं असं दुखत असेल तर कृपा करून त्याला आळस म्हणू नका. दवाखान्यात जा.

ऊन नाही, हे ऐकून माहेरी कुणाचा विश्वासच बसला नाही. मंद्रूपला मी दिवसभर रानात असणारी पोर. पण सोलापुरात आमचं घर तीन अंधाऱ्या खोल्यांचं. ऊन काय ते मागच्या परसात, आणि परसात दिवसभर मामंजी बाज टाकून बसलेले. माझे सासरे जुने पैलवान, पुढे तालमीचे वस्ताद झालेले. आमच्या घरी सून सासऱ्यापुढे येत नसे, बोलत नसे. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत निरोप जायचे. त्या गेल्यावर चंदा बोलू लागेपर्यंत तेही बंद झाले. लग्नाला सहा वर्षं होऊनही मामंजींचा चेहरा मी धड पाहिला नव्हता.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते यांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं. मामंजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा झाला, हे कामावर गेले, आणि परसातून बाज ओढल्याचा आवाज आला. मी दाराआडून पाहिलं. मामंजींनी बाज कोपऱ्यात नेली होती आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. चंदाला म्हणाले, "आईला म्हणावं, हितं उन्हात बस. मी न्हाय बगत."

तो धिप्पाड माणूस त्या दिवसापासून रोज सकाळी दोन-दोन तास भिंतीकडे तोंड करून बसायचा. मला लाज वाटायची आणि माया वाटायची. मी उन्हात पाय पसरून बसायचे, डॉक्टरीणबाईंनी दिलेलं कॉड माशाचं घाणेरडं तेल नाक दाबून प्यायचे, आणि मागून चंदा दुधाचा पेला आणून द्यायची. तो मामंजींचा पेला होता. पैलवानकीपासून त्यांना सकाळी शेरभर दूध लागे. आता पचत नाही, असा त्यांचा निरोप होता. घट्ट भाकरी आणि ठेचा मात्र त्यांना व्यवस्थित पचत होता.

चार महिन्यांनी ठणका उतरला. रात्रीची झोप लागू लागली. दुसऱ्या तपासणीला डॉक्टरीणबाई यांना म्हणाल्या, आता बाईंना थोडा थोडा जोर करू द्या. यांनी ते जसंच्या तसं घरी येऊन सांगितलं. आता ज्या माणसाचा जन्म तालमीत गेला, त्याला जोर म्हणजे एकच ठाऊक. दोन्ही हात जमिनीवर टेकून छाती खाली-वर करायची, तो जोर. मामंजी भिंतीकडे बघतच हसले.

"डॉक्टरीणबाईला तालमीतलं काय म्हाईत? आदी बैठका. जोर मागनं."

दुसऱ्या दिवशी ते उठून परसाच्या मधोमध उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. चंदाला शेजारी उभं केलं. "चंदे, बग की," ते मोठ्यानं म्हणाले. चंदा दोन हातांच्या अंतरावर होती, त्यामुळे एवढं मोठ्यानं कुणासाठी ते मला कळलं. पासष्टीचा तो माणूस सावकाश खाली बसला, सावकाश उठला. टाचा कुठे ठेवायच्या, दम कधी सोडायचा, सगळं पोरीला सांगत होता आणि पोरगी मुंगळा बघत होती. मी पडवीचा खांब धरून खाली गेले. अर्ध्यावर थांबले. पुन्हा वर आले.

पहिल्या दिवशी तीन झाल्या. मोजायचं काम चंदाकडे होतं, आणि तिला सात हा आकडा कधीच आठवत नसे. सहानंतर थेट आठ. त्यामुळे माझ्या दहा म्हणजे नऊच, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. पण मामंजींनी ओळखलंच. "आईला म्हणावं, एक ऱ्हायली." आमच्यात उभा जन्म एक शब्द झाला नसता, पण आता रोज एवढं बोलणं होऊ लागलं. त्यांचा चेहरा मला ठाऊक नव्हता. पाठ मात्र पाठ झाली.

मग एके दिवशी मामंजी खांद्यांवरून फिरवायची बाभळीच्या लाकडाची आपली मुद्गलाची जोडी घेऊन सुताराकडे गेले. ती जोडी त्यांच्या वस्तादांनी दिलेली होती. हे सुद्धा तिला हात लावत नसत. संध्याकाळी परत आणली ती तासून, निम्म्याहून हलकी करून. चंदाला मोठी आणि पैलवानाला लहान. मी आत चुलीपुढे बसून रडले.

वर्षभरानं पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी बैठकांचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. जोर म्हणजे मी पाणी भरणं म्हणाले होते हो, असं म्हणून त्यांनी मला खाली बसवलं. मी हात न टेकता उठले. त्यांनी पुन्हा बसवलं, मी पुन्हा उठले.

"सोडू नका," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं म्हणून सोडाल, तर परत माझ्याकडे याल."

त्या आठवड्यात एका सकाळी चंदा हात वर करून उभी राहिली. आता ती साडेचार वर्षांची झाली होती आणि सवयीनंच हात वर करायची. मी बसले, तिला धरलं आणि उठले. "आबा, माझे पाय वर!" ती ओरडली. मामंजी वळले नाहीत. "आईला म्हणावं, पाठ सरळ," एवढंच म्हणाले.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. मी बैठका सोडल्या नाहीत, मुद्गलही नाही, आणि आता जोरही काढते. आळीतल्या बाया पैलवानीण म्हणतात, म्हणोत. तुम्हाला मात्र सांगते, आधी डॉक्टरांना विचारा, मऊ हाडांवर भार टाकू नका. पण हाडं घट्ट झाली की अंग कमवा. ते औषधासारखं संपत नाही, रोज जेवतो तसं रोज करावं लागतं.

मागच्या थंडीत मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. एका सकाळी हे कामावर, चंदा शाळेत, आणि मामंजी आतल्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर. परसात ऊन आलं होतं. मी पदर पुढे ओढून दारात थांबले. त्यांना आता भिंतीकडे वळता येत नव्हतं. ते माझ्याकडेच बघत होते. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले.

"उनात ने, पोरी," ते म्हणाले. "पाठ सरळ ठिव."

मी त्यांच्याकडे पाठ करून बाजेपुढे खाली बसले, त्यांचे दोन्ही हात खांद्यांवरून पुढे घेऊन घट्ट धरले, आणि त्यांना पाठीवर घेऊन, कुठेही हात न टेकता, उठले.