रेडिएटरमधलं लाल पाणी

शराफिया वस्तीतल्या गॅरेजमध्ये परवा मेकॅनिकने माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या वाफेचा गोडसर वास आला आणि मी मागे सरलो. बुरैदा शहरापलीकडचं ते वाळवंट पुन्हा डोळ्यांसमोर आलं.

तेव्हा मी तिथल्या इस्पितळात नवा डॉक्टर होतो. आमचे विभागप्रमुख सालेम मला शिकारीला घेऊन गेले होते. दुपारपर्यंत त्यांनी इतके ससे मारले की बर्फाच्या पेटीत कोंबून भरावे लागले. परतताना रेडिएटरचा पाइप फुटला. ड्रायव्हर लतीफ, आपला रत्नागिरीचा. त्याने पाइपाला चिकटपट्टी गुंडाळली आणि पिण्याच्या सगळ्या बाटल्या रेडिएटरमध्ये ओतल्या. थोड्याच अंतरावर गाडी पुन्हा तापली.

"डॉक्टर, आता पेटीतलंच पाणी उरलंय," तो म्हणाला.

वितळलेला बर्फ रक्ताने लाल झाला होता, वर केस तरंगत होते. लतीफने ते पाणी बनियनमधून गाळून ओतलं. पाइपातून गळणारं पाणी तापल्या इंजिनावर चरचरलं आणि गाडीभर मांस उकळल्याचा वास पसरला. त्याच पाण्यावर आम्ही जिवंत परतणार होतो, तरी मी खिडकीबाहेर डोकं काढून ओकत होतो.

डांबरी रस्ता लागल्यावर सालेमनी पेटी उघडली आणि नाक दाबलं. "खलास, सगळे सडले!" म्हणत त्यांनी ससे रस्त्याकडेला ओतून दिले आणि हसत विचारलं, "पुढच्या शुक्रवारी येणार ना?"

किळस वासाची आली असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, ती त्या हसण्याची होती.

"नाही येणार," मी म्हणालो. साहेबांना इतकं सरळ उत्तर मी पहिल्यांदाच दिलं होतं. लतीफ आरशातून माझ्याकडे बघतच राहिला.