एकोणतिसावा निकाल

लिफ्टच्या मिस्त्रीला राग यायला फारसं काही लागत नसे. लिफ्टचं दार कुणी पायाने ढकललं, तरी दिवसभर पुरेल एवढा राग त्याला मिळायचा. लहानपणी लपाछपीत तो दिवाणाखालून ओरडायचा, "शंभर ठरले होते, तू अठ्ठ्याण्णवला डोळे उघडलेस." बरोबर असायचा तो, पण ओरडल्यामुळे सापडायचा. तेव्हाच ताईने त्याचं नाव 'पोटकलम' ठेवलं. चाळिशी आली, केस गेले, नाव राहिलं.

कामावर हा स्वभाव एकदा अंगाशी आला होता. नऊ मजली इमारतीतल्या लिफ्टचा दोर तपासताना तुटलेल्या तारा नियमापेक्षा तीन जास्त निघाल्या. मॅनेजर म्हणाला, "आज सही करून टाका, दोर पुढच्या महिन्यात बदलू." पोटकलमने लिफ्टला कुलूप ठोकलं, किल्ली खिशात घातली आणि नऊ मजले चालत उतरला. मग तक्रार झाली आणि त्याची बदली इस्पितळाच्या सामानाच्या लिफ्टवर झाली. तिथे तो मेलेली माणसं आणि चादरींची गाठोडी खाली-वर होताना बघत असतो आणि तिथल्या कागदांवरही बघितल्याशिवाय सही करत नाही.

अशा माणसाला जादूटोण्याच्या खेळाचा नाद लागावा, हा एक विनोदच होता. त्याच्यापुढे मात्र तो करायची सोय नव्हती.

खेळ चालायचा चष्मेवाल्या काकांच्या दुकानामागे, डोळे तपासायच्या खोलीत. रविवारी दुकान बंद असायचं. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, मधे टेबल, चार खुर्च्या. काका सूत्रधार. म्हणजे जंगल कसं आहे, दाराआड कोण दबा धरून बसलंय, हे ते सांगणार, शत्रूच्या बाजूने फासे तेच टाकणार आणि वाद झाला तर निकालही तेच देणार. राक्षस म्हणून ते तपासणीच्या पेटीतल्या काचा मांडायचे. काचेचा नंबर जेवढा मोठा, तेवढा राक्षस दांडगा. बाकी तिघांचा कागदावर लिहिलेला एकेक माणूस होता आणि तो सहा वर्षं, रविवारमागून रविवार, अंगाने आणि अकलेने वाढत आला होता. वाढ मोजायला त्यांनी शाळेचाच शब्द घेतला होता, इयत्ता.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारे मास्तर गाणारा जादूगार खेळायचे. ताई चोर होती. डेपोच्या चौकशीच्या खिडकीत आठवडाभर "पाचची बस कधी सुटते" या प्रश्नाला उत्तरं देणारी ताई रविवारी कुलपं उघडायची आणि श्रीमंतांच्या गच्च्यांवरून पळायची. पोटकलमच्या माणसाचे पेशे दोन, सहावी इयत्ता वैद्य आणि चौथी इयत्ता जादूगार. एका पेशात त्याचं भागलं नाही. दोन घेतले की नियमही दुप्पट वाचायला मिळतात.

या टेबलाखेरीज भावाबहिणीचं काही उरलं नव्हतं. बाबा आजारी होते तेव्हा दोघांत कडाक्याचं भांडण झालं आणि फोनसुद्धा थांबले. पुढे काकांनी, जुने शेजारी म्हणून, दोघांना एकमेकांच्या नकळत खेळायला बोलावलं. समोरासमोर आल्यावर दोघंही उठून जाणार होते, पण आधी कुणी उठायचं यावर अडलं. तेव्हापासून रविवारी दोन ते सहा ती त्याची ताई होती. बाकी आठवडा ती फक्त कागदोपत्री बहीण.

आणि गेल्या रविवारी ताईचा चोर मेला. दगडी पुलाखाली अधिक आठ नंबरची काच त्याच्यावर कोसळली. ताईने आपला कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

"मी नवीन माणूस बनवणार नाही," ती म्हणाली. "ह्याला उठवता येत असेल तर उठवा. नाहीतर पुढच्या रविवारी शेवटचं येते, माझे फासे न्यायला."

मेलेल्याला उठवायचा मंत्र वैद्याच्या यादीत होता, पाचव्या पायरीवर, मेल्यापासून दहा दिवसांत म्हणायचा. मंत्र म्हणायला त्या पायरीचा एक खण लागतो. खण म्हणजे ताकदीचा साठा, एकदा वापरला की दुसऱ्या दिवसापर्यंत रिकामा. पोटकलमकडे पाचव्या पायरीचा खण होता, कारण दोन पेशांच्या इयत्ता मिळून दहा होत होत्या आणि खण बेरजेवर मिळतात. प्रश्न होता मंत्राचा. नुसत्या सहावीतल्या वैद्याची मजल तिसऱ्या पायरीपर्यंतच.

आठवडाभर तो लिफ्टच्या मशीनरूममध्ये पुस्तक घेऊन बसला. वैद्याच्या पानावर लिहिलं होतं, 'ज्या पायरीचा खण तुमच्याकडे आहे, त्या पायरीपर्यंतचे मंत्र तुम्हाला तयार करता येतात.' खण आहे, म्हणजे मंत्र आहे. दोन पेशांच्या पानावर मात्र लिहिलं होतं, 'प्रत्येक पेशाचे मंत्र, जणू तुमचा तो एकच पेशा आहे असे धरून, वेगळे ठरवावेत.' म्हणजे मंत्र नाही. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. हे पुस्तक लिहिणारा समोर असता तर पोटकलमने त्याला सामानाच्या लिफ्टमध्ये घालून दोन मजल्यांच्या मधे अडकवून ठेवला असता. बुधवारपर्यंत चिडून झालं आणि गुरुवारी त्याला पहिली ओळ जास्त पटू लागली. का पटतेय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

रविवारी त्याने मुद्दे मांडले. बोटाने ओळ दाखवली, खणांची बेरीज दाखवली. काका ऐकत होते. ताई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मास्तर हसायला लागले.

"काय झालं हसायला?" पोटकलम म्हणाला.

"काही नाही. काका, वही काढा. एकोणतीस नंबर."

काकांनी टेबलाच्या खणातून निकालवही काढली. या टेबलाचा रिवाज असा की नियमावरून वाद झाला आणि निकाल लागला, की जिंकणाऱ्याने तो आपल्या हाताने वहीत लिहायचा आणि हरणाऱ्याने खाली सही करायची. पुन्हा तोच वाद नको. निकाल फिरवायचा झाला तर एकच वाट, ज्याने लिहिला त्यानेच खाली 'मी चुकलो' लिहून सही करायची. वहीत सत्तेचाळीस निकाल होते, छत्तीस पोटकलमच्या अक्षरात. 'मी चुकलो' एकदाही नव्हतं.

एकोणतिसावा निकालही त्याच्याच अक्षरात होता, दोन वर्षांपूर्वीचा. मास्तरांनी तेव्हा आपल्या गाणाऱ्याला दुसरा पेशा जोडला होता आणि खण आहे म्हणून वरच्या पायरीचा मंत्र मागितला होता. पोटकलम तीन तास भांडला आणि जिंकला. पान भरून लिहिलं होतं. 'खण म्हणजे भांडे. भांडे मोठे झाले म्हणून स्वयंपाक येत नाही. मंत्र त्या त्या पेशाच्या इयत्तेवरच ठरेल. हा विषय पुन्हा काढू नये.' खाली मास्तरांची सही, कागद फाटेल इतकी दाबून केलेली.

जिंकणारा निकाल विसरतो. हरणारा तारखेसकट लक्षात ठेवतो.

पोटकलमने ते पान दोनदा वाचलं. त्यात कुठे फट सापडते का, हे तो बघत होता. सापडेना. मुद्दा बिनतोड होता आणि आठवडाभर ओढूनताणून जमवलेलं सगळं त्यापुढे कोलमडत होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. राग कुणावर काढायचा तेच कळेना, लिहिणारा घरचाच निघाला होता.

काकांनी पेन पुढे केलं. "लिही आणि उठव तिला. माझी काही हरकत नाही. मास्तर?"

"मला तर चालेलच," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं वाट बघतोय."

पोटकलमने पेन घेतलं, टोक कागदाला लावलं. मग पेन खाली ठेवलं.

"नाही लिहिता येत."

"का?"

"कारण निकाल बरोबर आहे. आताचा मीच चुकीचं बोलत होतो."

ताई हळूहळू लाल होत गेली.

"दोन शब्द आहेत," ती म्हणाली.

"खोटे आहेत."

"खेळ आहे हा, मेल्या. कागदावरचा चोर आहे. कोर्टात नाही उभं केलेलं तुला."

"खोट्यावर सही करत नाही मी."

"माहीत आहे. नऊ मजल्यांची गोष्ट सगळ्या गावाला ऐकवून झाली आहे तुझी." तिने पर्सची चेन ओढली, उघडली, पुन्हा ओढली. "बाबांच्या वेळेलाही असाच दारात उभा राहिलास. 'एकेकाकडे दोन-दोन महिने ठरले होते, तू नऊ दिवस आधी आणलेस,' म्हणालास. पिशवी घेऊन बाकावर बसले होते ते, जिन्यात. आणि तू मला कॅलेंडर दाखवत होतास."

"ठरले होते दोन महिने."

"हो, ठरले होते. बरोबरच होतास तू. तू कधी चुकला आहेस? माझी कंबर धरली होती त्या आठवड्यात, मला त्यांना उठवून बसवता येत नव्हतं. ते विचारलंस? तारीख विचारलीस."

पोटकलम खुर्ची मागे सारून उठला. चष्म्याच्या काचांची पेटी हिंदकळली.

"ती माझी चूक होती," तो म्हणाला, आवाज भांडणाचाच. "ते नऊ दिवस. बाबांना बाकावर बसवलं ती. ते लिहायला सांग, आत्ता लिहितो, तारखेसकट लिहितो, खाली सही करतो. पण हे पान बरोबर आहे. हे नाही लिहिणार."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. अकरा वर्षं तिने या वाक्याची वाट पाहिली होती आणि ते असं अंगावर खेकसत आलं.

"निकालवहीत असलं काही लिहीत नाहीत," काका हळूच म्हणाले आणि वही आपल्याकडे ओढून घेतली.

ताई उठली. टेबलावरचे आपले फासे तिने एकेक करून पर्समध्ये टाकले. सहा होते. सहाव्यापाशी मास्तरांनी घसा साफ केला.

"दुसरी पायरी," ते म्हणाले. "वैद्याचीच यादी. पान उलटून बघ."

"काय आहे?" पोटकलमने विचारलं.

"प्रेत राखायचा मंत्र. दहा दिवस सडत नाही आणि ते दहा दिवस उठवायच्या मुदतीत धरत नाहीत. दर दहा दिवसांनी पुन्हा म्हणत राहायचं. वैद्याची नववी इयत्ता झाली की पाचवी पायरी रीतसर मिळते तुला. तीन इयत्ता राहिल्या."

पोटकलमने पान उलटलं. खरंच होतं. त्याने आठवडाभर फक्त पाचवी पायरी वाचली होती. "तुम्हाला कसं माहीत?"

"दोन वर्षं तो भाग वाचतोय मी, तुला हरवायला. पाठ झालाय." मास्तरांचा चेहरा गोड नव्हता. "मला नाही तेव्हा कुणी असा मार्ग शोधून दिला. पाच मिनिटांचं काम होतं. तू तीन तास मला पाडण्यात घालवलेस."

पोटकलमने त्या पानाचा कोपरा दुमडला.

"तीन इयत्ता म्हणजे किती दिवस?" ताईने काकांना विचारलं, भावाला नाही.

"वर्ष तरी जाईल."

"म्हणजे वर्षभर मी प्रेत."

"आणि कुणीतरी वाहून न्यायला पाहिजे," काका म्हणाले. "घोडा बुडालाय मागच्याच महिन्यात."

"मी नेईन," पोटकलम म्हणाला. "वजन लिहिलेलं आहे कागदावर."

ताई निघून गेली. दुकानाचं शटर अर्धंच वर होतं, वाकायलाही न थांबता ते धाडकन वर सारून गेली. फासे तिच्या पर्समध्ये होते.

पुढचा आठवडा पोटकलमने वाईट काढला. एका डॉक्टरला लिफ्टच्या दारावरून झापलं, मग दार खरंच बिघडलेलं निघालं म्हणून स्वतःलाही झापलं. फोन उचलला आणि दोनदा ठेवला.

रविवारी दोन वाजता तिघं बसले. चौथी खुर्ची रिकामी. दोन वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा काकांनी काचा मांडायला घेतल्या. पोटकलम भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचत होता, त्याला ती नेहमीच दिसायची.

दोन सतराला शटर खडखडलं. ताई आली, खुर्ची ओढून बसली, चार घड्यांचा कागद उलगडून हाताने सपाट केला. फासे काढले नाहीत.

"प्रेताला बोलता येतं का?" तिने विचारलं. "नियम काय आहे?"

पोटकलमने तोंड उघडलं. पुस्तकाकडे हात गेला आणि वाटेतच थांबला. "पुस्तकात काही लिहिलेलं नाही."

"मग बोलणार." तिने पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली. "उचललंस मला?"

"खांद्यावर घेतोय."

"डोकं खाली लोंबतंय माझं. पुलाच्या कठड्यावर आपटेल. नीट धर."

"धरलंय नीट."

"नाही धरलेलं. तुला दिसत नाहीये, तू पुढे बघतोयस. मास्तर, सांगा त्याला."

"डोकं लोंबतंय," मास्तर म्हणाले.

पोटकलमने दात आवळले आणि कागदावर लिहिलं, 'प्रेत, दोन्ही हातांत.' म्हणजे आता त्याला तलवार धरता येणार नव्हती. काकांनी पेटीतून अधिक दहा नंबरची काच काढली आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली.